दारातली पत्रे पिवळी पडेपर्यंत

विशेष प्रतिनिधी

२७ एप्रिल २०११. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या डोंगरउतारावर, बेव्हर्ली हिल्सच्या श्रीमंत वस्तीला लागून असलेल्या बेनेडिक्ट कॅनियन भागात एका जुन्या घराच्या पत्रपेटीकडे शेजारी राहणाऱ्या महिलेचे लक्ष गेले. पेटीतील पत्रे पिवळी पडली होती आणि त्यांवर कोळ्यांनी जाळी विणली होती. शंका येऊन ती फाटक ढकलून आत गेली. हाकेला उत्तर आले नाही, तेव्हा तिने कसेबसे घरात प्रवेश मिळवला. टपाल, कपडे आणि खोक्यांच्या ढिगांतून वाट काढत ती वरच्या मजल्यावर पोहोचली. तेथे घरमालकिणीचा देह पडलेला होता. तो इतका सुकून गेला होता की ओळख पटणे अशक्य होते. खोलीत ऊब देणारा एक छोटा हीटर होता. तो तेव्हाही सुरू होता.

मृत महिलेचे नाव इव्हेट व्हिकर्स. वय ८२. पन्नासच्या दशकात हॉलिवूडच्या दुय्यम दर्जाच्या, म्हणजे ज्यांना 'बी मूव्हीज' म्हणतात अशा चित्रपटांतील एक गाजलेली अभिनेत्री. मृत्यू कदाचित वर्षभरापूर्वीच झाला असावा, असा अंदाज त्या वेळी वर्तवण्यात आला. घातपाताचा संशय नव्हता. हृदयविकाराने आलेला तो एक साधा, नैसर्गिक मृत्यू होता.

पुढच्या काही दिवसांत ही बातमी जगभर पसरली. ज्या वृत्तपत्रांनी कित्येक दशकांत व्हिकर्स यांचे नाव छापले नव्हते, त्यांनीही त्यांची तरुणपणीची छायाचित्रे शोधून काढली. यात एक विपरीत गोष्ट होती. व्हिकर्स यांचा मृत्यू ज्या दिवशी झाला त्याच दिवशी कळला असता, तर बहुतेक ठिकाणी त्याला चार ओळींपलीकडे जागा मिळाली नसती. त्या गेल्या, ही बातमी नव्हतीच. त्या गेल्याचे कोणाला कळले नाही, ही बातमी ठरली. ज्या उपेक्षेमुळे ही घटना घडली, त्याच उपेक्षेने तिला बातमीमूल्य मिळवून दिले. त्यामुळे हळहळ व्यक्त करून थांबण्यापेक्षा, एखादा माणूस सर्वांच्या नजरेतून इतका कसा निसटू शकतो, हे तपासून पाहणे अधिक गरजेचे आहे.

दुसऱ्या फळीतील तारका

व्हिकर्स यांचा जन्म १९२८ मध्ये कॅन्सस सिटी येथे झाला. वडील सॅक्सोफोनवादक होते, आई पियानो वाजवीत असे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असताना त्या अभिनयाकडे वळल्या. त्यांचा पडद्यावरचा पहिला प्रवेश बिली वाइल्डर यांच्या 'सनसेट बुलेव्हार्ड' (१९५०) या चित्रपटातला. श्रेयनामावलीत नाव नाही. नववर्षाच्या मेजवानीत टेलिफोन अडवून खिदळत बसलेली एक मुलगी, एवढीच ती भूमिका. हा चित्रपट नेमका कशावर आहे, हे जाणकार वाचकांच्या लक्षात असेल. जगाने विसरलेली एक अभिनेत्री आपल्या जुन्या हवेलीत एकटी राहते आणि आपले चाहते अजून आपली वाट पाहत आहेत, या भ्रमात जगते, याची ती कहाणी आहे.

पुढे प्रसिद्ध नट जेम्स कॅग्नी यांनी दिग्दर्शित केलेल्या एकमेव चित्रपटात, 'शॉर्ट कट टू हेल'मध्ये (१९५७), व्हिकर्स यांना काम मिळाले. परंतु लोकांच्या लक्षात त्या राहिल्या त्या 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन' (१९५८) आणि 'अटॅक ऑफ द जायंट लीचेस' (१९५९) या दोन चित्रपटांमुळे. पहिल्यात परग्रहवासीयाच्या स्पर्शाने पन्नास फूट उंच झालेली एक श्रीमंत स्त्री आपल्या बाहेरख्याली नवऱ्याचा सूड घेते. व्हिकर्स यांनी त्या नवऱ्याच्या प्रेयसीची भूमिका केली होती. दुसऱ्यात दलदलीतील राक्षसी जळवा माणसे पळवून नेतात. जुलै १९५९ मध्ये 'प्लेबॉय' मासिकाच्या मधल्या पानावरही त्या झळकल्या.

'बी मूव्ही' हा शब्द आज हिणवण्यासाठी वापरला जातो. मुळात त्याचा संबंध चित्रपटाच्या दर्जापेक्षा त्याच्या जागेशी होता. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत अमेरिकेत तीसच्या दशकात रूढ झाली. त्यातला मोठा, खर्चिक चित्रपट 'ए', आणि त्याच्या जोडीला दाखवला जाणारा कमी खर्चाचा चित्रपट 'बी'. आपल्याकडे एकेकाळी स्टंटपटांना आणि पुढे भुताखेतांच्या चित्रपटांना जे स्थान होते, तेच थोड्याफार फरकाने यांचे. थोड्या दिवसांत चित्रीकरण, तुटपुंजे मानधन, आणि चित्रपट उतरला की नव्याची घाई. या व्यवसायात नटाचे मोल त्याच्या पुढच्या चित्रपटाएवढेच असे. साठचे दशक उजाडले तसे व्हिकर्स यांच्या भूमिका आक्रसत गेल्या. पॉल न्यूमन यांच्या 'हड'मध्ये (१९६३) त्या दिसतात, पण अगदी ओझरत्या. त्यांचा शेवटचा चित्रपट १९९० मधला.

एका रेषेचे परिणाम

या विस्मृतीला एक आर्थिक बाजूही आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. मार्च १९६० मध्ये हॉलिवूडच्या नटनट्यांच्या संघटनेने मोठ्या चित्रपटकंपन्यांविरुद्ध संप पुकारला. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच. मागणी अशी होती की, जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवून कंपन्या पैसे मिळवतात, तर त्यातील काही वाटा कलावंतांनाही मिळावा. अखेर तडजोड झाली. १९६० पासून तयार होणाऱ्या चित्रपटांसाठी कलावंतांना हा वाटा मिळू लागला. त्याआधीच्या चित्रपटांवरचा हक्क मात्र संघटनेने सोडला. त्याच्या बदल्यात कंपन्यांनी आरोग्य आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत एकरकमी भर घातली.

व्हिकर्स यांचे दोन्ही गाजलेले चित्रपट १९५८ आणि १९५९ चे, म्हणजे या रेषेच्या अलीकडचे. नंतरच्या काळात हेच चित्रपट दूरचित्रवाणीच्या रात्रीच्या प्रसारणांत, व्हिडिओ कॅसेटवर, पुढे डीव्हीडीवर पुन्हा पुन्हा पाहिले गेले. पन्नास फुटी स्त्री महामार्गावर पाय रोवून उभी असल्याचे भित्तिचित्र तर अमेरिकी लोकसंस्कृतीचा भाग बनले. १९९३ मध्ये डॅरिल हॅना हिला घेऊन त्या चित्रपटाची नवी आवृत्तीही निघाली. चित्रपट जिवंत राहिला. तो साकारणाऱ्या त्या पिढीचे नाते त्याच्या कमाईशी, काही अपवाद वगळता, तुटलेलेच राहिले.

आपल्याकडची स्थिती याहून बरी म्हणता येणार नाही. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मानधनातील हक्काचा वाटा मिळवून दिला. पडद्यावर दिसणाऱ्या कलावंतांच्या बाबतीत मात्र एकदाच मानधन देऊन व्यवहार संपवण्याचीच रीत आहे. जुन्या चित्रपटांतील दुय्यम नटनट्यांनी ज्या काळात कामे केली, त्या काळात तर हातात पडलेल्या रोख रकमेपलीकडे कसलाच कागद नसे. राज्य शासन वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मासिक मानधन देते, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. परंतु त्यासाठी अर्ज करावा लागतो, कागदपत्रे जोडावी लागतात. जो माणूस एकटा पडला आहे, त्याच्यासाठी हा अर्ज भरणार कोण, हा प्रश्न उरतोच.

तरीही व्हिकर्स यांच्या मृत्यूला निव्वळ गरिबीची कथा म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांना स्वतःचे घर होते, तेही लॉस एंजेलिसच्या महागड्या भागात. याच शहरात चित्रपटव्यवसायातील वृद्धांची काळजी घेणारी, १९२१ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे, तिचे निवासस्थान आहे. म्हणजे छप्पर होते आणि मदतीची सोयही होती. ज्याच्या रोजच्या दिवसात आपली जागा आहे असा माणूस तेवढा नव्हता.

दूरचे जवळ, जवळचे दूर

व्हिकर्स पूर्णपणे विसरल्या गेल्या होत्या असेही नाही. जुन्या भयपटांच्या चाहत्यांचे मेळावे अमेरिकेत भरत असत. त्यांत त्या जात, स्वाक्षऱ्या देत, गप्पा मारत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या टेलिफोनच्या नोंदींबाबत जे प्रसिद्ध झाले, त्यावरून असे दिसले की, अखेरच्या काळातील त्यांचे फोन नातेवाइकांना वा जुन्या मित्रांना नव्हते. मेळाव्यांतून आणि इंटरनेटवरून ओळख झालेल्या, दूरदूरच्या गावांत राहणाऱ्या चाहत्यांशी त्या बोलत होत्या. पडद्यावर टेलिफोन अडवून खिदळणाऱ्या मुलीच्या रूपाने सुरू झालेला प्रवास पुन्हा टेलिफोनपाशीच येऊन थांबला होता.

या चाहत्यांना दोष देता येणार नाही. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण फोन येणे थांबले, तर दूरच्या माणसाला काय वाटणार? कामात असतील, प्रवासात असतील, कदाचित आपला कंटाळा आला असेल. 'तुम्ही अलीकडे दिसला नाहीत' असे म्हणण्यासाठी आधी रोज दिसण्याचा संबंध लागतो. 'सनसेट बुलेव्हार्ड'मधील नॉर्मा डेस्मंडला येणारी चाहत्यांची पत्रे खोटी असतात. तिचा नोकर ती स्वतः लिहून तिला देत असतो. व्हिकर्स यांच्या बाबतीत नेमके उलट झाले. त्यांचे चाहते खरे होते. मात्र सकाळी खोलीचे दार उघडून पाहणारा कोणी घरात नव्हता. या दोघींत अधिक दुर्दैवी कोण, असा प्रश्न पडावा.

प्रसिद्धी आणि दखल या दोन गोष्टी आपण एकच मानतो, हा या प्रकरणातील मोठा गैरसमज आहे. प्रसिद्ध माणसाला असंख्य लोक ओळखतात, पण ती ओळख एकेरी असते. दखल घेणारा माणूस एखादाच पुरतो, मात्र तो रोजचा असावा लागतो. वय झाल्यावर, काम थांबल्यावर प्रसिद्धी ओसरते आणि तिच्या झगमगाटात दखल घेणारे मागेच सुटलेले असतात. त्यातच पूर्वीच्या प्रसिद्धीने काहींच्या मनात लोकांविषयी भयही पेरलेले असते. अनोळखी माणसे आपला पाठलाग करतात अशी भीती व्हिकर्स यांनाही वाटत असे, असे त्यांच्या परिचितांनी सांगितले होते. वेलींनी आणि झाडांनी झाकलेले त्यांचे घर शेजाऱ्यांना मग अस्वाभाविक वाटेनासे झाले.

चेंबूर, औंध, जुहू, आंबी

हे सारे परदेशातले, असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय आपल्याला नाही. व्हिकर्स यांचा मृत्यू ज्या २०१० सालात झाला असण्याची शक्यता आहे, त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत चेंबूरच्या युनियन पार्कमधील आपल्या बंगल्यात नलिनी जयवंत यांचे निधन झाले. 'समाधी', 'मुनीमजी', 'काला पानी' अशा चित्रपटांनी पन्नासचे दशक गाजवणारी ही मराठमोळी अभिनेत्री पतीच्या मृत्यूनंतर जगापासून दूर झाली होती. रुग्णवाहिका येऊन देह घेऊन गेली, तेव्हा कुठे परिसरात कुजबुज सुरू झाली, अशा बातम्या त्या वेळी आल्या. ज्या वर्षी पन्नास फुटी स्त्रीचा चित्रपट अमेरिकेत लागला, त्याच वर्षीच्या 'काला पानी'ने जयवंत यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला होता. एक दुय्यम दर्जाची नटी, दुसरी आघाडीची नायिका. शेवटच्या प्रहरात हा दर्जाभेद उरला नाही.

त्याआधी फेब्रुवारी १९९८ मध्ये पुण्यात औंधच्या घरी ललिता पवार एकट्याच असताना गेल्या. त्यांचे पती तेव्हा रुग्णालयात होते. 'रामायण' मालिकेतील मंथरा म्हणून घराघरांत पोहोचलेल्या या अभिनेत्रीच्या मृत्यूची वार्ता घराच्या भिंतींबाहेर यायला काही दिवस लागले. जानेवारी २००५ मध्ये जुहूच्या सदनिकेत परवीन बाबी मृतावस्थेत आढळल्या. दाराबाहेर दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रे दोन-तीन दिवस तशीच पडून राहिल्याने इमारतीतील लोकांना शंका आली आणि पोलिसांना कळवण्यात आले. जुलै २०२३ मध्ये तळेगाव दाभाडेजवळ आंबी येथील भाड्याच्या घरात रवींद्र महाजनी यांचा मृतदेह सापडला. एकेकाळचा मराठी पडद्यावरील देखणा नायक जाऊन दोन-तीन दिवस झाले होते, आणि घरातून दुर्गंधी येऊ लागली म्हणून शेजाऱ्यांनी चौकशी केली होती.

या घटनांतील एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे हा काळ दिवसांत मोजला गेला, व्हिकर्स यांच्या बाबतीत महिन्यांत. याचे कारण आपली माणुसकी अधिक आहे असे मानण्याचा मोह होईल. खरे कारण त्याहून साधे आहे. आपल्याकडे दाराशी रोज कोणी ना कोणी येत असते. दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, मोलकरीण, कचरा नेणारा, इस्त्रीवाला. आपण दार उघडले नाही तर त्यांचे काम अडते. परवीन बाबींच्या मृत्यूची खबर त्यांच्या लाखो चाहत्यांच्या आधी दारातल्या दुधाच्या पिशव्यांनी दिली.

बिले भरली जातात तेव्हा

हीच व्यवस्था झपाट्याने बदलत आहे. हप्ते, वीजबिले, सोसायटीची वर्गणी बँकखात्यातून आपोआप वळती होतात. वर्तमानपत्र मोबाइलवर येते. दूध आठवड्यातून एकदा येणाऱ्या खोक्यात असते आणि ते आणणारा दारापाशी ठेवून, छायाचित्र काढून निघून जातो. प्रत्येक बदल सोयीचा आहे, वृद्धांसाठी तर विशेषच. पण यातल्या प्रत्येक सोयीबरोबर एक माणूस दारातून कमी होतो.

त्याचा परिणाम काय होऊ शकतो, हे जानेवारी २००६ मध्ये लंडनने पाहिले. वुड ग्रीन भागातील एका छोट्या सदनिकेत सुमारे दोन वर्षांपूर्वी मरण पावलेल्या, अवघ्या ३८ वर्षांच्या स्त्रीचा सांगाडा सापडला. दूरचित्रवाणी संच सुरूच होता. शेजारी नाताळसाठी बांधून ठेवलेल्या भेटवस्तू होत्या. तिच्या भाड्याचा काही भाग शासकीय साहाय्यातून परस्पर भरला जात होता. थकबाकी मोठी झाली, तेव्हा घराचा ताबा घेण्यासाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी दार फोडले. व्यवस्थेला तिची आठवण झाली ती पैसे अडले तेव्हा.

आपल्या शेजारी कराचीत २०२५ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. जूनमध्ये ज्येष्ठ दूरचित्रवाणी अभिनेत्री आयेशा खान यांचा मृतदेह त्यांच्या घरात सुमारे आठवड्याने आढळला. जुलैमध्ये तरुण अभिनेत्री हुमैरा असगर यांचा मृतदेह सापडला. भाडे थकल्याने न्यायालयाच्या आदेशावरून सदनिका रिकामी करण्यासाठी पथक गेले होते. मृत्यू सुमारे नऊ महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता. समाजमाध्यमांवर त्यांचे लाखो अनुयायी होते. नवे छायाचित्र आले नाही, याचा त्यांतल्या फारच थोड्यांनी विचार केला असेल. पडद्यावर रोज नवे चेहरे येतच असतात.

आणि मुंबई? ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीच्या ओशिवरा भागातील एका उंच इमारतीत अमेरिकेहून आलेल्या मुलाला आपल्या आईचा सांगाडा मिळाला. दोघांचे शेवटचे बोलणे एप्रिल २०१६ मध्ये झाले होते. त्या मजल्यावरील दोन्ही सदनिका त्याच कुटुंबाच्या असल्याने लगतचा शेजारच नव्हता. ऐसपैस जागा, सुरक्षा रक्षक, उद्वाहक, बंद दरवाजे. ज्या गोष्टींसाठी आपण अधिक पैसे मोजतो, त्याच गोष्टींनी तेथे मृत्यू लपवून ठेवला. दिवसांचे माप आपल्याकडेही महिन्यांत बदलू लागले आहे.

जपानमध्ये अशा मृत्यूला 'कोडोकुशी' असा स्वतंत्र शब्दच आहे. तेथील राष्ट्रीय पोलीस यंत्रणेच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत ३७,२२७ माणसे आपल्या घरी एकटी असताना मरण पावली. त्यांपैकी ३,९३९ जणांचा पत्ता महिन्याहून अधिक काळ लागला नाही. १३० जण किमान वर्षभर सापडले नाहीत. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले, तेव्हा आपल्याकडे त्याची थट्टा झाली होती. हे आकडे पाहिले की ती थट्टा ओठांवरच विरते.

हयातीचा दाखला

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती, आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात सुमारे ६ टक्के ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असल्याचे आढळले. टक्केवारी लहान दिसते. कोटींच्या संख्येवर ती लावली की प्रश्नाचे आकारमान कळते.

शासन आपल्या वृद्धांना 'तुम्ही आहात ना?' असे एका प्रसंगी न चुकता विचारते. निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेतली ती रांग कंटाळवाणी असे, गुडघे दुखत असत, पण समोरचा कारकून निदान चेहरा पाहून 'आजोबा, या वर्षी खंगलात' असे म्हणत असे. २०१४ पासून हा दाखला संगणकीय पद्धतीने देता येतो आणि आता तर मोबाइलसमोर चेहरा धरला की काम होते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तर वरदानच. मात्र त्या रांगेत जी वार्षिक भेट घडत असे, तिची जागा दुसऱ्या कशाने भरून काढायची, याचा विचार कोणी केला नाही.

तरतूद नाही असेही म्हणता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये केलेल्या कायद्याची चर्चा होते ती मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहभत्त्यापुरती. त्या कायद्याखालील नियमांतील एक कलम मात्र दुर्लक्षित आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवावी आणि पोलिसांच्या प्रतिनिधीने, शक्यतो समाजसेवकाला बरोबर घेऊन, महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी, असे ते सांगते. हे कलम कागदावरून रस्त्यावर उतरले, तर कोणताही मृत्यू महिन्याहून अधिक काळ दडून राहू शकत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. अर्थात फोन उचलून मदत मागणे ज्याला शक्य आहे, त्याच्यासाठीच तो उपयोगी.

या कामात पोलिसांवर सारा भार टाकून चालणार नाही. सोसायटीच्या नोंदवहीत एकट्या राहणाऱ्यांची नावे आणि जवळच्या माणसाचा क्रमांक असणे, घराची एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे असणे, दोन दिवस दिवा लागला नाही तर बेल वाजवण्यात संकोच न बाळगणे, या गोष्टींना ना निधी लागतो ना शासननिर्णय. दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावू नये, हा शहरी शिष्टाचार चांगलाच. पण बेल वाजवणे म्हणजे डोकावणे नव्हे, हे आपल्याला पुन्हा शिकावे लागेल. चित्रपटसृष्टीतील संघटनांनीही आपल्या जुन्या सभासदांची यादी वर्धापनदिनाच्या सत्कारापुरती न ठेवता, महिन्यातून एक फोन करण्यासाठी वापरली, तर बरेच काही साधेल.

आम्हा वृत्तपत्रांचाही यात दोष आहे. नामवंतांचे मृत्युलेख आम्ही आधीच लिहून तयार ठेवतो. ज्यांचे लेख तयार नसतात, त्यांची चौकशी त्यांच्या हयातीत आम्ही करत नाही. 'सध्या काय करतात?' हे सदर वाचकांना आवडते, पण त्यातही ओळखीचीच नावे फिरून येतात. व्हिकर्स यांच्यासारख्या दुसऱ्या फळीतील माणसांकडे बातमीदार पोहोचतो तो पोलिसांच्या मागोमाग.

ज्या शेजारणीने अखेर ते फाटक ढकलले, तिने कोणतेही असामान्य काम केले नाही. पत्रपेटी भरली आहे, ती कोणी रिकामी केलेली नाही, एवढेच तिने पाहिले आणि पाहून ती पुढे निघून गेली नाही. त्याआधीच्या कित्येक महिन्यांत त्या रस्त्याने टपाल आणणारा गेला असेल, मोटारी गेल्या असतील, माणसे फिरायला गेली असतील. ती पत्रपेटी त्या सर्वांना रस्त्यावरून दिसत होती.